सीमाभागातली साइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून काय काय करायचं

आधी दोन मिनिटांची एक तपासणी करा. तुमच्या साइटवरची कुठलीही मराठी ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर घरातल्या कुणाला तरी पाठवा. ओळ तशीच्या तशी मराठीत पोचली तर पाया धड आहे. तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा काला दिसला, तर तुमच्या साइटवर मराठी मजकूर नाहीच, मराठीसारखी दिसणारी इंग्रजी अक्षरं आहेत. आणि ओळ कॉपीच होत नसेल, म्हणजे सगळी सूचना जेपीजी करून चिकटवली असेल, तर अंध माणसाच्या दृष्टीनं ते पान कोरं आहे.

मी बेळगावच्या शहापुरात राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सोसायट्या (म्हणजे ठेवी घेणाऱ्या, कर्ज देणाऱ्या सहकारी संस्था), शाळा, मंगल कार्यालयं, कुंद्याची आणि साड्यांची दुकानं यांच्या साइट करते. इथल्या साइटला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा लागतात. दिव्यांगांना साइट कशी वापरता यावी यावर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, पण ते बहुतेक एकभाषी साइट डोळ्यांसमोर ठेवून. एका पानावर दोन-तीन लिप्या आणि तीन भाषा आल्या की काय होतं, हे त्यात फारसं सापडत नाही, आणि आपलं घोडं नेमकं तिथंच पेंड खातं. रंग, फोटो, बटनं यांचं मी पुढं सांगणारच आहे. पण माझा सगळा जोर दोन गोष्टींवर आहे: अक्षर हे अक्षर म्हणूनच ठेवा, आणि ते कुठल्या भाषेतलं आहे हे यंत्राला सांगा.

कोण वापरतं, कसं वापरतं

अनगोळचे एक काका माझ्या साइट तपासून देतात. त्यांना अजिबात दिसत नाही. लॅपटॉपवर ते एनव्हीडीए वापरतात आणि फोनवर टॉकबॅक. हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्रॅम. एनव्हीडीए फुकट आहे. मायकल करन यानं २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला, पुढं जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघंही स्वतः अंध. महागडं सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या माणसालाही संगणक वापरता यावा म्हणून त्यांनी हे केलं, आणि आज आपल्या गल्लीतल्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

काका पान वरून खालपर्यंत ऐकत बसत नाहीत. एच दाबून ते एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातात, के दाबून लिंकवर, एफ दाबून फॉर्मच्या रकान्यावर, टी दाबून तक्त्यावर. म्हणजे तुम्ही मथळा नुसता ठळक आणि मोठा करून सोडलात, त्याला एच-वन, एच-टू असं मथळ्याचं टॅग लावलं नाही, तर त्यांच्या लेखी तिथं मथळाच नाही.

पण अंध माणूस एकटाच नाही. वडगाव-शहापूर भागात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कितीतरी जणांना नीट ऐकू येत नाही. त्यांना व्हिडिओखाली लिहिलेलं लागतं. कुणाचे हात थरथरतात, त्याला बारीक बटन दाबता येत नाही. कुणाला मोतीबिंदू आहे. कुणाला लांबलचक वाक्याचा अर्थ लागत नाही. आणि आपल्याकडची आणखी एक गोष्ट: घरी मराठी, शाळा कन्नड, असं शिकलेली पुष्कळ मुलं मराठी अस्खलित बोलतात, पण कन्नड जास्त वेगानं वाचतात. म्हणून एक भाषा पूर्ण आणि दुसरी अर्धीमुर्धी, असं करू नका. मराठी पानावर व्याजदर आहेत तर कन्नड पानावरही हवेत, आणि तेही त्याच तारखेचे.

आता अक्षरांचं

आपल्या प्रेसमधून वर्षानुवर्षं काम झालं ते श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत. कन्नडचं नुडी आणि बरहच्या जुन्या पद्धतीत. लग्नपत्रिका आणि अहवाल छापायला ते उत्तम होतं. पण त्या जुन्या फाँटांत आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर; फाँट फक्त त्यावर मराठी रूप चढवतो. डोळ्याला ‘सभासद’ दिसतं, पण स्क्रीन रीडर आतलं वाचतो, आणि कानावर येतं ते अर्थहीन इंग्रजी. गूगललाही ते सापडत नाही. फोनवर तो फाँट नसला की डोळस माणसालाही कचराच दिसतो.

यावर उपाय एकच, युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, ते वापरा. पण बदललेला मजकूर एकदा माणसानं वाचायलाच हवा. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांच्यात कन्व्हर्टर हमखास चुकतात. छापील कागदावरूनच करायचं असेल तर गूगल लेन्स फोटोतलं मराठी उचलून देतं. तेही वाचून, दुरुस्त करूनच टाका. आकडे तर दोनदा तपासा.

युनिकोडमध्ये आल्यावरही काही बारकावे राहतात. त्यातला एक मला सगळीकडं दिसतो. फॉर्मवर ‘नाव’ लिहून पुढं दोन टिंबं दिलेली असतात. बघायला ती अपूर्णविरामासारखी दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी तो विसर्ग असतो. स्क्रीन रीडर विसर्ग विसर्गासारखाच वाचतो: ‘नावह’, ‘पत्ताह’, ‘दिनांकह’. काकांच्या लॅपटॉपवर असा एक अख्खा फॉर्म मी ऐकला आहे, प्रत्येक रकान्याला ‘ह’ लागलेला. यात टाइप करणाऱ्याला दोष देता येत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर अपूर्णविरामाच्या जागी ‘छ’ येतो, आणि शिफ्ट दाबून हायफनची कळ दाबली की विसर्ग मिळतो. हाताला जे मिळतं ते माणूस वापरतो. तुम्ही साइट करणारे असाल तर पूर्ण साइटमध्ये विसर्ग शोधा. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ असे खरे विसर्ग सोडून बाकीचे काढा. फॉर्मच्या लेबलला पुढं टिंबं लागतच नाहीत. ‘नाव’ एवढं पुरे.

दुसरा बारकावा ‘ॲ’चा. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’ यातला ॲ युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र अक्षर आहे. काही जण अजून अ टाइप करून त्याच्यावर चंद्र बसवतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही आणि काही आवाज चंद्र वेगळा उच्चारतात. साइटवर एकच पद्धत ठेवा.

भाषा सांगणं

हा भाग सगळ्यात कमी वेळ खातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. वेबपानाच्या अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग नावाचं ॲट्रिब्यूट असतं. मराठी पानाला तिथं एमआर ही दोन अक्षरं द्यायची, कन्नडला केएन, इंग्रजीला ईएन. हिंदीचं एचआय. खानापूर-कारवारकडं कोकणी मजकूर असेल तर केओके ही तीन अक्षरं. हे वाचून स्क्रीन रीडर ठरवतो की कुठला आवाज लावायचा.

एका सोसायटीची जुनी साइट माझ्या हातात आली तेव्हा काकांनी ती फोनवर लावली आणि लगेच म्हणाले, “अगं, हे मराठी हिंदीत बोलायलंय की. एकोणपन्नास हजार म्हणायचं सोडून उनचास हजार म्हणायलंय.” बघितलं तर पानावर एचआय लिहिलेलं. आधी ज्यानं केली त्यानं देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालवलं होतं. शब्द मराठीच असतात, पण बोलणारा हिंदीच्या सवयीनं बोलतो. ‘पैसे भरायचं’ यातल्या शेवटच्या अनुस्वाराला मराठीत लांबट ‘अ’ होतो, हिंदी आवाज तिथं नाकातून बोलतो. ‘चांगला’ आणि ‘जागा’ यांतले च, ज हिंदी पद्धतीनं येतात. हे एकवेळ समजून घेता येतं. आकड्याचं तसं नाही. ठेवीची रक्कम, मुदत, खाते क्रमांक हे ऐकून लक्षात ठेवायचे असतात, आणि ‘उनसठ’ की ‘उनहत्तर’ हे हिंदी रोज न बोलणाऱ्या माणसाला पटकन कळत नाही. तोच ४९ कन्नड पानावर ‘नलवत्तोंबत्तु’ असा यायला हवा. आकडा एकच, त्याचा उच्चार पानाच्या भाषेवर ठरतो, म्हणून भाषा सांगणं आलं.

पानावर इंग्रजी म्हणून लिहून ठेवलं असेल, तर आणखी वाईट. थीम जशी येते तशी वापरली की बहुतेक वेळा हेच होतं. त्या इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नसेल तर तो मजकूर सरळ गाळून पुढं जातो. ऐकणाऱ्याला कळतही नाही की इथं काही लिहिलं होतं.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथं मराठी निवडलं की नीट लिहिलेली थीम आपोआप एमआर घालते. तीन भाषांची साइट असेल तर प्रत्येक भाषेचं पान वेगळं ठेवा आणि पॉलिलँगसारखं प्लगिन वापरा, म्हणजे प्रत्येक पानाला त्याची भाषा लागते. एका मराठी पानात मधेच कन्नड परिच्छेद आला, जसा सहकार खात्याचा आदेश मूळ कन्नडमध्ये, तर तेवढ्या परिच्छेदाच्या टॅगला केएन द्या. मात्र शब्दाशब्दाला भाषा लावत बसू नका. ‘पहाणी’, ‘सौहार्द’, ‘डिपॉझिट’ हे शब्द आपल्या बोलण्यातले झालेले आहेत, ते देवनागरीत लिहिले की मराठीच. गावांची, माणसांची नावंही तशीच राहू द्या. आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात.

भाषा बदलायची बटनं वरच्या बाजूला असतात, त्यांच्याकडं विशेष लक्ष द्या. कन्नडच्या बटनावर ‘कन्नड’ हे कन्नड लिपीत लिहा आणि त्या बटनाला केएन लावा. मराठीच्या बटनाला एमआर. ज्याला मराठी येत नाही त्याला मराठी पानावर आल्यावर स्वतःच्या भाषेत स्वतःच्या भाषेचं नाव ऐकू आलं पाहिजे. तिथं चित्र किंवा झेंडा नको. आणि भाषा बदलल्यावर माणूस त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेत जायला हवा, मुखपृष्ठावर फेकला जाऊ नये.

याचा एक फायदा डोळस वाचकालाही होतो. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची सोय आहे, तो पानाला एमआर लावल्यावर ल आणि श मराठी घाटाचे दाखवतो. एरवी हिंदी वळणाचे दिसतात.

फाँटवरून आठवलं. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. कन्नडला खाली ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं अक्षर. इंग्रजीसाठी बेतलेली ओळींची दाटी ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो, आणि कमी दिसणाऱ्याला अक्षरच लागत नाही. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. मराठी मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

व्याजदराचा तक्ता

सोसायटीच्या साइटवर लोक येतात ते मुख्यतः ठेवींचे व्याजदर बघायला. आणि नेमका तोच तक्ता बहुतेक ठिकाणी फोटो म्हणून टाकलेला असतो, मागं गणपतीचं किंवा इमारतीचं चित्र. तो तक्ता खऱ्या टेबलमध्ये करा. वरच्या ओळीतले रकाने आणि डाव्या बाजूची मुदत यांना शीर्षकाचा टीएच टॅग द्या, आणि ते उभ्यासाठी आहे की आडव्यासाठी हे स्कोप घालून सांगा. समजा एक वर्षाला सर्वसाधारण दर ८ आणि ज्येष्ठ नागरिकांना ८.५ आहे. शीर्षकं नसतील तर ऐकू येतं: “८, ८.५, ८.२५, ८.७५”. कुठला दर कुणाचा, काहीच कळत नाही. शीर्षकं असतील तर एकेका घरात जाताना आवाज आधी ‘ज्येष्ठ नागरिक’, ‘एक वर्ष’ असं सांगतो आणि मग दर. घरं एकमेकांत जोडून तक्ता सजवू नका. दोन वेगळे तक्ते चालतील.

ताळेबंद आणि अहवाल पीडीएफमध्ये असतात. स्कॅन केलेला पीडीएफ म्हणजे पुन्हा फोटोच. वर्डमध्ये मथळे नीट लावून, भाषा मराठी ठेवून, तिथूनच पीडीएफ काढा. निदान सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका एवढं तरी पानावर मजकूर म्हणून असू द्या.

फॉर्म

प्रत्येक रकान्याला लेबल हवं, आणि ते कोडमध्ये त्या रकान्याशी बांधलेलं हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘मोबाइल नंबर’ लिहून लेबल वाचवायची जी फॅशन आहे, ती सोडा. टाइप करायला लागलं की ते पुसलं जातं आणि विसराळू माणूस अडकतो. तांबडी चौकट काढून चूक दाखवू नका, ती लिहून सांगा: ‘मोबाइल नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे लिहिलेत.’ पुरुष-स्त्री, बचत-चालू अशा गोल बटनांच्या गटाला फील्डसेट (गट बांधणारं टॅग) आणि लीजंड (त्या गटाचं नाव) घाला, नाहीतर ‘बचत’ ऐकू येतं, पण कशाबद्दल विचारलंय ते येत नाही.

वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा अंध माणसासाठी बंद दार आहे. तो काढा, यंत्रं अडवायचे दुसरे मार्ग साइट बनवणाऱ्याला माहीत असतात. ओटीपी चिकटवता यायला हवा, आणि त्याला पुरेसा वेळ हवा. स्क्रीन रीडरवर मेसेजमध्ये जाऊन, आकडे ऐकून, परत येऊन टाइप करायला अर्ध्या मिनिटात होत नाही.

भाषा सोपी ठेवा. ‘सदर अर्जासोबत उपरोक्त दस्तऐवजांच्या साक्षांकित प्रती संलग्न कराव्यात’ असं न लिहिता ‘अर्जाबरोबर या कागदांच्या सही-शिक्क्याच्या झेरॉक्स जोडा’ लिहा. सोसायटीचे सेक्रेटरी सुरुवातीला नाराज होतात, भारदस्तपणा जातो म्हणतात. पण काउंटरवर बसून हेच सेक्रेटरी सभासदाला दुसऱ्या वाक्यासारखंच सांगतात. तेच लिहायचं.

रंग

आपल्या भागात दोन रंगजोड्या फार प्रिय आहेत: केशरीवर पांढरं आणि लालवर पिवळं. दोन्ही मोजून बघा. साध्या आकाराच्या अक्षरांना मागच्या रंगाशी निदान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. वेबवर तिरंग्यातला म्हणून सर्रास वापरतात त्या केशरीवर पांढरी अक्षरं जेमतेम २.१:१ भरतात. भडक लालवर भडक पिवळं सुमारे ३.७:१, मथळ्याला चालेल, मजकुराला नाही. रंग सोडायची गरज नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाकली तर ९.८ च्या वर जातं. लाल थोडा गडद केला की पिवळं बसतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंग निवडतानाच हे प्रमाण दिसतं. आणि फक्त रंगानं काही सांगू नका. ‘तांबड्या रंगातल्या ठेवींची मुदत संपली आहे’ हे वाक्य ज्याला तांबडा-हिरवा वेगळा कळत नाही त्याला निरुपयोगी आहे.

कीबोर्ड आणि हलणाऱ्या पट्ट्या

माउस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, एस्केप एवढ्यावर आख्खी साइट फिरून बघा. तुम्ही कुठं आहात हे चौकटीनं दिसलं पाहिजे. ती चौकट सुंदर दिसत नाही म्हणून डिझायनर काढून टाकतात. ती परत आणा. मेनू उघडला पाहिजे, बंद झाला पाहिजे. बटन हे बटनाच्या टॅगनंच करा. डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकोनाच्या टॅगला, रंग देऊन बटन केलं तर माउसला चालतं, कीबोर्डला नाही. फोनवर दाबायच्या गोष्टी निदान २४ बाय २४ पिक्सेल ठेवा. मी ४४ धरते, म्हाताऱ्या बोटांना ते बरं पडतं.

‘सूचना : वार्षिक सर्वसाधारण सभा...’ अशी सरकणारी पट्टी इथल्या प्रत्येक साइटला हवी असते. ती काढा. काढू देत नसतील तर थांबवायचं बटन द्या; पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला ते लागतंच. संचालकांचे फोटो फिरवणाऱ्या स्लायडरलाही हाच नियम.

फोटो, लिंक, व्हिडिओ

फोटोच्या अल्टमध्ये, म्हणजे फोटोऐवजी स्क्रीन रीडर जे वाचतो त्या मजकुरात, त्या फोटोचं तिथं जे काम आहे ते लिहा. कुंद्याच्या दुकानाच्या साइटवर ‘इमेज-१२’ नको, ‘मिठाई’ही नको, ‘अर्धा किलो कुंद्याचा डबा, झाकणावर दुकानाचं नाव’ असं हवं. साडीच्या दुकानाला तर अल्टवरच धंदा आहे: रंग, काठ, पदर लिहा. कमी दिसणाऱ्या एका आक्कांनी मला सांगितलं होतं की फोनवर त्यांना रंगच नीट कळत नाही, आणि साडी घ्यायची तर मुलीला विचारावं लागतं. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला अल्ट रिकामं ठेवा. अल्ट अजिबात न देणं वेगळं, तसं केलं तर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचलं जातं.

‘इथे क्लिक करा’ नको. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ-सात दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकची यादी येते. त्यात दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ आलं तर काय निवडायचं? ‘कर्जाचा अर्ज, पीडीएफ’ असं लिहा.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, सोसायटीच्या सभेचा व्हिडिओ टाकलात तर बोललेलं खाली लिहून द्या, आणि ज्या भाषेत बोललंय त्याच भाषेत. यूट्यूब आपोआप तयार करतं त्या सबटायटलवर विसंबू नका. आपल्या बोलीत वाक्यातच भाषा बदलते, तिथं ते गडबडतं.

विकतच्या बटनाबद्दल

कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं एक बटन मिळतं, ते लावलं की साइट दिव्यांगांसाठी तयार, असं सांगून वर्षाला पैसे घेतात. त्यात पैसे घालू नका. अक्षर मोठं करणं, रंग उलटे करणं हे फोनमध्ये आधीच असतं. आतला फोटो तो फोटोच राहतो, आणि चुकीची भाषा चुकीचीच. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये अशाच दाव्यांसाठी एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले.

कायदा

संचालक मंडळापुढं विषय ठेवायचा तर हे जवळ असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वं होती, यात २१ आहेत. कलम ४६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू होतं, त्यामुळं ‘आम्ही सरकारी नाही’ हे उत्तर पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सुलभतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. मापदंड म्हणून डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, धरा, त्यातली ए आणि डबल-ए पातळीची मिळून ५५ कलमं आहेत. भारतीय मानक आयएस १७८०२ हेही आहे. सगळी कलमं पाठ करायची गरज नाही. वर सांगितलेलं केलंत तर त्यांतली बरीचशी पदरात पडतात.

तपासायचं कसं

लॅपटॉपवर एनव्हीडीए घाला. त्यात टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, तो बोललेलं सगळं लिहूनही दाखवतो. नव्यानं ऐकणाऱ्याला हे फार सोयीचं. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आवाज जरा कडक वाटतो, पण तपासायला पुरतो. भाषा आपोआप बदलायची सेटिंग चालू ठेवा. फोनवर गूगलच्या आवाजांत मराठी, कन्नड दोन्ही उतरवून घ्या आणि टॉकबॅक लावा. बंद कसं करायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो.

मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बोलवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. काकांना मी काम संपल्यावर नाही, पहिलं पान तयार झालं की बोलावते. त्यांना सांगायचं नाही की इथं दाबा, तिथं दाबा. ‘काका, एक वर्षाच्या ठेवीचा दर शोधून सांगा’, एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. ते कुठं थांबतात, कुठं परत मागं जातात, तेवढं टिपून घ्यायचं.

साइट तयार होते तेव्हा सगळं ठीक असतं. बिघडतं ते पुढं, क्लार्क नवी सूचना टाकायला बसला की. सभेची नोटीस प्रेसमधून जेपीजी होऊन येते, ती तशीच चढते, आणि ये रे माझ्या मागल्या. म्हणून साइट देताना त्या क्लार्कच्या शेजारी बसा. प्रेसवाल्याकडून नोटीस युनिकोडमध्ये टाइप केलेली मागायची हे त्याला सांगा. आधी मथळा, मग मजकूर, भाषा मराठी की कन्नड ते निवडायचं, आकडे मूळ कागदाशी ताडून बघायचे. शिक्क्यासह-सहीसह जेपीजी सेक्रेटरींना हवीच असेल, तर ती सगळ्यात शेवटी, मजकुराच्या खाली.